१९४२-४४ : युद्धाच्या काळात मुंबईतून बिऱ्हाड हलवणं, रेल्वेचा प्रवास वगैरे, माहिती हवी आहे

ओंजळ

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून विचारायचं होतं, आज धागा काढतेय. माझ्या पणजीची (आईच्या आजीची) आणि पणजोबांची पत्रं मामाकडे एका ट्रंकेत सापडली. पणजोबा गिरगावात चाळीत राहायचे, कापडाच्या पेढीवर कारकून होते. फेब्रुवारी १९४२ मधे त्यांनी पणजीला, मुलांना आणि स्वतःच्या आईला मिरजेला धाडलं, तिथे लांबचे कोणी नातेवाईक होते, आणि स्वतः मुंबईतच राहिले. पुढे पणजी मुलांना घेऊन परत मुंबईला आली आणि मग १९४४ च्या उन्हाळ्यात पुन्हा सगळं बिऱ्हाड पुण्याला हललं ते कायमचं.

आमच्या घरात ही गोष्ट "जपानी बॉम्बच्या भीतीने मुंबई सोडली" एवढ्या एका वाक्यात सांगतात. पण पत्रं वाचायला घेतली तर बॉम्बबद्दल जेमतेम दोन-चार ओळी आहेत आणि बाकी सगळं गाडी कधी, खोली मिळेल का, रॉकेल नाही, मनीऑर्डर पोचली का, बाळूचं शाळेत नाव घातलं का, असंच आहे. मला हे सगळं नीट लिहून काढायचंय, घरातल्या पुढच्या मुलांसाठी, आणि त्यात ऐकीव काही घुसडायचं नाहीये. म्हणून विचारतेय:

त्या काळात साध्या माणसाला तिकीट मिळायचं कसं? एका पत्रात आहे की आदल्या रात्रीपासून व्हीटीवर पथारी टाकून बसलो तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीत शिरायला मिळालं. हे तेव्हा नेहमीचंच होतं का? दुसरं, एका तारीख नसलेल्या पत्रात पणजोबा लिहितात, "गाडी नव्या टायमाप्रमाणे साडेसातची आहे, आपल्या घड्याळात तेव्हा सहाला नऊ मिनिटं कमी असतील, त्या हिशेबाने घरातून निघणे." दीड तासाच्या वर फरक! घड्याळ बिघडलेलं म्हणावं तर माणूस मिनिटांचा हिशेब देतोय. तिसरं, "येताना तांदूळ आणू नये, वाटेत काढून घेतात", हे कोण काढून घ्यायचं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे १९४४ मधे का हलले? तोवर जपानची भीती ओसरली होती ना?

कुणाच्या घरात अशा आठवणी असतील तर त्याही सांगा, अगदी बारीकसारीक असल्या तरी चालतील.

लूपलाईन

ओंजळ, फार चांगलं काम हातात घेतलंय. मी रेल्वेत गार्ड होतो, आता रिटायर्ड. तो काळ मी पाहिलेला नाही पण मी नोकरीला लागलो तेव्हा युद्धात भरती झालेले गार्ड, टीसी अजून ड्युटीवर होते, त्यांच्याकडून खूप ऐकलंय.

आधी रस्ता समजून घ्या म्हणजे पत्रं कळतील. मुंबई ते मिरज अशी एक सलग गाडी तेव्हा शक्यच नव्हती. मुंबई-पुणे जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची ब्रॉडगेज (रुंद रूळ), आणि ती १९३० पर्यंत विजेवर आलेली. पुण्यापासून पुढे मिरजेपर्यंत एमएसएम म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज (अरुंद रूळ). त्यामुळे पुण्याला उतरायचं, सगळ्या ट्रंका वळकट्या पोरंबाळं घेऊन दुसऱ्या गाडीवर जायचं आणि ती गाडी येईल तेव्हा येईल. ब्रॉडगेज झाली ती स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षांनी.

तिकिटाचं म्हणाल तर वर्ग चार होते, फर्स्ट, सेकंड, इंटर आणि थर्ड. कारकुनाचं कुटुंब थर्डने जाणार, फार तर इंटरने. थर्डला आजच्यासारखं रिझर्वेशन हा प्रकारच नव्हता. तिकीट म्हणजे प्लॅटफॉर्मवर जायची परवानगी समजा, जागा मिळवायची ती अंगाच्या जोरावर नाहीतर हमालाला पैसे देऊन. खिडकी गाडीच्या थोडं आधी उघडायची आणि गर्दी असेल तर तिकिटं देणं बंदही व्हायचं. त्यामुळे रात्रभर स्टेशनवर बसणं यात मला काहीच नवल वाटत नाही.

आता युद्धामुळे काय झालं ते सांगतो, कारण नुसती गर्दी वाढली एवढं म्हणून भागत नाही. इकडे प्रवासी वाढले, कारण पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि खाजगी मोटारी बंद पडायला लागल्या (एसटी तर १९४८ ला सुरू झाली), ज्या चालत होत्या त्यातल्या बऱ्याच मागे कोळशाच्या गॅसची शेगडी लावून घाटात धापा टाकत जायच्या. आणि तिकडे गाड्या कमी झाल्या. मीटरगेजची इंजिनं आणि वाघिणी जहाजावर चढवून इराक-इराणकडे पाठवल्या गेल्या, काही ब्रँच लाईनींचे तर रूळच उखडून नेले. पुढे आसामच्या आघाडीला सगळा माल मीटरगेजवरूनच जायचा, तिथे इतका ताण पडला की १९४४ मधे त्या लाईनचा मोठा भाग अमेरिकन लष्कराच्या रेल्वे पलटणींनी चालवायला घेतला. रेल्वेच्या वर्कशॉपांमधे डबे दुरुस्त करायचे सोडून युद्धाचं सामान बनत होतं. म्हणजे तुमच्या पणजीबाई ज्या मीटरगेज गाडीत बसल्या तिला डबे कमी, इंजिन थकलेलं, आणि त्यात लष्करी स्पेशल आली की हिला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकून द्यायची. लष्कराच्या गाडीला आधी वाट हा नियम, त्यात स्टेशन मास्तरचं काही चालायचं नाही. एक म्हातारे गार्ड सांगायचे की बायका डब्यातून उतरून रुळाच्या कडेला तीन दगड मांडून पोरांसाठी पेज शिजवायच्या, इतका वेळ गाडी एका जागी उभी असायची, आणि ते स्वतः त्यांना सांगून ठेवायचे की मी शिट्टी दिल्याशिवाय गाडी हलणार नाही, घाई करू नका.

रेल्वे स्वतःच पेपरात जाहिराती द्यायची की अगदी गरज असेल तरच प्रवास करा. एरवी जाहिरात असायची यात्रेला चला, हवा खायला चला. त्यावरून ओळखा.

आता घड्याळ. तुमचे पणजोबा पक्के हिशेबी होते, त्यांचं घड्याळ अगदी बरोबर आहे. मुंबई शहराचा स्वतःचा मुंबई टाइम होता, स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागे. रेल्वे स्टँडर्डने चालायची आणि गिरगावातली घड्याळं बरीचशी मुंबई टाइमने, हे असं १९५५ पर्यंत चाललं. जुन्या पत्रिकांत मुं. टा. आणि स्टँ. टा. लिहिलेलं असतं ते हेच. त्यात युद्धासाठी सरकारने १ सप्टेंबर १९४२ पासून स्टँडर्ड टाइमच एक तास पुढे केला, तो १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तसाच होता. एक तास अधिक ३९ मिनिटं. साडेसातातून वजा करा, ५ वाजून ५१ मिनिटं, म्हणजे सहाला नऊ कमी. यातून तुम्हाला तारीखही मिळाली, ते पत्र १ सप्टेंबर १९४२ च्या आधीचं असूच शकत नाही. म्हणजे ते पहिल्या वेळचं नाही, परतीच्या किंवा १९४४ च्या वेळचं असणार.

मालतीताई

अगं ओंजळ, तुझं वाचून माझी आईच डोळ्यासमोर आली. आई तेव्हा दहा वर्षांची, दादरहून कराडला आली होती, आईबरोबर आणि पाठच्या भावंडांबरोबर. वडील दादरलाच राहिले, तुझ्या पणजोबांसारखेच. हे बहुतेक घरांत असंच होतं गं, कमावता माणूस मुंबईत आणि बाकीचं घर गावाला.

आई सामानाचं फार सांगायची. काय न्यायचं आणि काय ठेवायचं यावर तिच्या आईचं आणि आजीचं वाजलं होतं म्हणे. आजीला देव न्यायचे होते सगळे, ताम्हन पळी पंचपात्रीसकट, आणि आईच्या आईला शिवणाचं मशीन. शेवटी दोन्ही नेलं आणि भांडी ठेवली मागे. बरोबर फिरकीचा तांब्या असायचाच, पितळी, त्याचं झाकण आट्याचं असतं आणि वर कडी असते, ते झाकण घट्ट फिरवलं की आडवा पडला तरी थेंब सांडत नाही. तो तांब्या माझ्याकडे आहे अजून. झाकणाच्या आत आईच्या आजीचं नाव टोचलेलं आहे आणि एका बाजूला मोठा पोचा आहे, तो पुण्याला गाडी बदलताना हमालाच्या डोक्यावरून ट्रंक घसरून त्यावर पडली तेव्हाचा. दशम्या आणि चटणी बरोबर, कारण स्टेशनवरचं विकत घेऊन खायचं नाही. पाणी पण तेव्हा स्टेशनवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी असं वेगवेगळं मिळायचं, पाणीवाले ओरडत जायचे, आणि एका लहान स्टेशनात गाडी रखडली, तांब्या रिकामा झाला आणि पाणीवाला काही आलाच नाही तर डब्यातल्या एका मुसलमान बाईने आपल्या सुरईतलं पाणी पोरांना पाजलं. आजी तोंड फिरवून बसली, पण नको म्हणाली नाही. आई हे सांगताना प्रत्येक वेळी थांबायची.

बायकांच्या डब्यात पोरं खिडकीतून आत द्यायचे. आधी पोर, मग वळकटी, मग बाई. आईला तसंच खिडकीतून आत टाकलं होतं, आणि आत गेल्यावर पहिले काही क्षण आपली आई बाहेरच राहिली असं वाटून तिने जे भोकाड पसरलं होतं ते तिला म्हातारपणीपर्यंत आठवायचं. स्टेशनवर अंधार, ब्लॅकआऊट ना, दिव्यांना काळे कागद गुंडाळलेले, त्यामुळे माणसाचं तोंड दिसत नाही नुसते आवाज.

पण तुला खरं सांगू, आईला प्रवासाचं इतकं दुःख नव्हतं. तो कसाही झाला तरी एकदोन दिवसांत संपला. कराडला नातेवाईकांकडे उतरले आणि पहिले आठ दिवस पाहुण्यासारखे गेले. मग हळूच वेगळी चूल मांडायला सांगितली. त्यांचंही बरोबर होतं, त्यांच्याकडे मुंबईहून आलेली अजून दोन बिऱ्हाडं होती, माडीवर एक, पडवीत एक. मुंबईत नळाचं पाणी, इथे नदीवरून आणायचं. मुंबईत दिव्याचं बटण, इथे कंदील आणि रॉकेल मिळायची मारामार, म्हणून दिवस बुडायच्या आत जेवणं उरकून घ्यायची. शाळेत आईला "मुंबईवाली" म्हणून चिडवायचे, तिची भाषा वेगळी, परकराची उंची वेगळी. आणि तिच्या आईने जे शिवणाचं मशीन हट्टाने आणलं होतं ना त्यावर तिने गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या आणि पोरांच्या चड्ड्या शिवून मीठमिरची भागवली, कारण मुंबईची मनीऑर्डर कधी उशिरा यायची तर कधी यायचीच नाही. हे कधी कुणी कुठे लिहिलंय का? तू तुझ्या पणजीबद्दल लिहिताना हे शोध, ती तिकडे काय करून घर चालवत होती.

खडूफळा

मालतीताई, प्रतिसाद अतिशय आवडला. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे तारखांची बाजू मांडतो, ओंजळ यांना पत्रं त्यावर लावून बघता येतील.

फेब्रुवारी १९४२ हा महिना अगदी जुळतो. २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर बॉम्ब पडले आणि तेव्हापासूनच कलकत्त्यातून लोकं पळायला लागली होती, हावडा आणि सियालदा स्टेशनं माणसांनी भरून वाहात होती. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. ते पडूच शकत नाही असं दोन पिढ्या ऐकलेल्या लोकांना तो धक्का होता. मग ८ मार्चला रंगून गेलं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोलंबो, विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर विमानं आली. मद्रासमधे तर सरकारनेच कचेऱ्या आत हलवल्या, हायकोर्ट कोईमतूरला नेलं, आणि सरकार पळतंय म्हटल्यावर सामान्य माणूस कशाला थांबेल. मुंबईवर शेवटपर्यंत एकही जपानी बॉम्ब पडला नाही, पण हे आपल्याला आज माहीत आहे, तुमच्या पणजोबांना त्या फेब्रुवारीत ते कसं कळणार. घरातलं ते एक वाक्य चूक नाहीये, फक्त ते पहिल्या प्रवासापुरतं खरं आहे.

परत का आले, याला उत्तर पत्रांतच असेल. जपानी आले नाहीत हे एक, आणि दोन ठिकाणी चूल परवडेना हे दुसरं. महागाई भत्ता ही गोष्टच या युद्धात रुजली, पण तो गिरणीत आणि सरकारी नोकरीत, पेढीवरच्या कारकुनाला मालक देईल तेवढंच.

पणजोबा मुंबईतच का राहिले हे फक्त नोकरीवर टाकू नका. खोलीचा पण विचार करा. १९३९ पासूनच स्वस्त खोल्यांच्या भाड्यावर कायद्याने बंधन आलं होतं. एकदा खोली सोडली तर त्या भाड्यात परत मिळणार नाही, आणि पुढे तर भाड्यापेक्षा पागडीच मोठी झाली. १९४१ च्या जनगणनेत मुंबई शहर साधारण १५ लाखांचं होतं आणि युद्धाची कारखानदारी, गोदी, लष्कर यामुळे माणसं येतच राहिली. खोलीत आपलं माणूस झोपतंय हे चाळीत दिसत राहणं गरजेचं होतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, १९४२ च्या ऑगस्टनंतरचा रेल्वेप्रवास अजूनच वेगळा झाला. ९ ऑगस्टला पहाटे गांधीजी आणि बाकीच्या पुढाऱ्यांना पकडून मुंबईहून स्पेशल गाडीने नेलं, गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमधे ठेवलं. मग देशभर रूळ उखडणं, तारा तोडणं सुरू झालं. म्हणजे एका बाजूला लष्करी गाड्यांमुळे उशीर आणि दुसऱ्या बाजूला आंदोलनामुळे गाड्या बंद. त्या महिन्यांतल्या पत्रांत "गाडी आली नाही" असं असेल तर त्याचं कारण पत्रात लिहिलेलं नसणार, कारण पत्रं उघडून वाचली जायची हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मालतीताई

हो, आणि आमच्या लाईनवर तर शेणोलीला! ७ जून १९४३, तुफान सेनेने (साताऱ्याच्या प्रतिसरकारची स्वातंत्र्यसैनिकांची फौज) गाडी अडवून सरकारी पगाराचा पैसा नेला. आई तेव्हा कराडलाच होती, शेणोली कराडच्या पुढचंच स्टेशन. तिच्या तोंडून हे किती वेळा ऐकलंय, दोन दिवस गावात कुजबुज आणि मोठी माणसं एकदम गप्प. त्यानंतर तिच्या वडिलांनी बराच काळ कुणालाही गाडीने ये-जा करू दिली नाही.

पंचगंगेकाठी

थोडं अवांतर होईल पण याच लाईनचं आहे म्हणून लिहितो. मिरजेहून कोल्हापूरला येताना वळिवडे स्टेशन लागतं. १९४३ पासून तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, जवळजवळ ५००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने १९४० मधे त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे नेलं, ते मालगाडीच्या डब्यातून. तिथून सुटून इराण, मग जहाजाने कराची, आणि पुढे याच आपल्या गाड्यांनी वळिवडे. १९४८ पर्यंत राहिले. शाळा, चर्च, पोस्ट, सगळं उभं केलं त्यांनी. माझे आजोबा छावणीला भाजी पुरवायचे, ते सांगायचे की त्या बायकांनी बराकीसमोर पहिली गोष्ट कुठली केली असेल तर फुलझाडं लावली, आणि आजोबांकडे भाजीबरोबर बी मागितलं.

ते गेल्यावर फाळणीत आलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत राहायला आली, आजचं गांधीनगर ते. तुमची पणजी मिरजेला होती त्याच सुमाराला शेजारच्या स्टेशनांवर पार पोलंडहून आलेल्या बायका पोरांचे हात धरून उतरत होत्या. तुमच्या लिखाणात दोन ओळी याच्याही असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

ओंजळ

सगळ्यांचे खूप खूप आभार. घड्याळाचं कोडं सुटलं तेव्हा मी अक्षरशः मामाला फोन लावला. आणि मालतीताई, तुमचं वाचून मी पत्रं पुन्हा काढली, त्यात पणजी दोनदा "पापडांचे पैसे आले" लिहिते. आम्ही सगळ्यांनी ते वाचून सोडून दिलं होतं. ती मिरजेत पापड लाटून विकत होती बहुतेक, आणि आमच्या घरात हे कुणालाच माहीत नाही.

पंचगंगेकाठी, हे मला ठाऊक नव्हतं, नक्की लिहीन.

तांदळाचं आणि १९४४ चं राहिलं. अजून एक, त्याच ट्रंकेत एका चिंधीत बांधलेले भोक असलेले तांब्याचे पैसे मिळाले, त्यावरून काही कळतं का?

खडूफळा

भोकाचा पैसा १९४३ पासून पाडायला लागले. तांबं वाचवायला मधे भोक, आणि त्याच्या आधी वर्षभर चिल्लरीची भयंकर टंचाई झाली होती, लोकांनी नाणी दाबून ठेवली होती. टांगेवाल्याला, हमालाला द्यायला सुट्टे नाहीत ही प्रवासातली मोठी अडचण, म्हणून चिंधीत बांधून जपलेले असणार. पहिल्या मिरज प्रवासात ते असू शकत नाहीत, १९४४ च्या वेळचे धरा.

तांदूळ पोलीस किंवा नाक्यावरची सरकारी माणसं काढून घ्यायची. ब्रह्मदेश गेला आणि तिथला तांदूळ बंद झाला, मुंबईचा मोठा आधार तोच होता. मग एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात, संस्थानातून ब्रिटिश मुलखात धान्य न्यायला बंदी आली. मिरज हे संस्थान होतं हे विसरू नका, म्हणजे पणजीबाई परत येताना हद्द ओलांडत होत्या. मुंबईत मे १९४३ मधे रेशनिंग सुरू झालं, त्याच वर्षी बंगालमधे लाखो माणसं भुकेने मेली. अशा वेळी गावाकडून आणलेली पिशवी म्हणजे साठेबाजी ठरायची, मग ती पोरांच्या तोंडचा घास का असेना. आणि रेशनकार्डावर नाव कुठे, मुंबईला की गावाला, हा बिऱ्हाड हलवताना पहिला प्रश्न झाला. तुमच्या पत्रांत कार्डाचा उल्लेख शोधा.

१९४४ चं म्हणाल तर "उन्हाळा" असं तुम्ही लिहिलंय, मला १४ एप्रिलचा संशय येतो. त्या दिवशी दुपारी व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टायकिन नावाच्या जहाजाला आग लागून त्यातला दारूगोळा उडाला. कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं एकाच जहाजात भरली होती. गोदी, मांडवी, मशीद बंदरचा सगळा भाग जळाला, शेकडो माणसं गेली, आणि जळता कापूस आणि लोखंडाचे तुकडे लांब लांब जाऊन पडले. बऱ्याच लोकांना तेव्हा वाटलं की आला जपानी बॉम्ब. बातम्यांवर सेन्सॉर, त्यामुळे खरं काय ते कळायलाही वेळ लागला, आणि त्या आठवड्यात मिळेल त्या गाडीने लोकं शहर सोडत होती. पणजोबांची पेढी कुठे होती ते बघा. कापडाची पेढी म्हणजे माल गोदीजवळच्या वखारीत असण्याची शक्यता खूप. माल जळाला असेल तर नोकरीच गेली. आणि पुण्यात तेव्हा काम होतं, खडकी, देहूरोड, लष्कराचे डेपो, कारकून हवेच होते.

ओंजळ

पेढीचा पत्ता एका पाकिटावर आहे. मशीद बंदर.

लूपलाईन

मग बराच उलगडा झाला. आता पुढे शोधायचं कसं ते सांगतो. तिकिटं मिळायची आशा ठेवू नका, पुठ्ठ्याची तिकिटं उतरताना फाटकावर घेतली जायची. पण जास्तीचं सामान ब्रेकव्हॅनमधे (गार्डच्या डब्यात) टाकलं असेल तर त्याची पावती मिळायची, पातळ कागदाची, आणि हिशेबी माणसं अशा पावत्या पत्रांच्या घडीत ठेवायची. प्रत्येक पाकीट आतून बघा. पावतीवर तारीख, कुठून कुठे आणि वजन असतं. वजनावरून थोडे दिवस राहायला निघाले की अख्खं घर घेऊन निघाले ते कळतं.

मालतीताई

आणि मुलांच्या शाळेचे दाखले काढ गं. बाळूचं मिरजेत नाव कधी घातलं, कधी काढलं, शाळेच्या जनरल रजिस्टरला सगळं असतं. जुन्या शाळा जपून ठेवतात ती रजिस्टरं, हेडमास्तरांना अर्ज दिला की दाखवतात. माझ्या आईचं कराडच्या शाळेत असंच सापडलं, शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात "मुंबईस परत" असं लिहिलेलं. मिरजेला जाणार असशील तर आधी कळव, माझी भाची तिथे असते, ती बरोबर येईल.